पुजलेला कीबोर्ड

आत्माराम शिर्क्यांची जीभ आणि उजवा हात लकव्याने एकाच दिवशी गेले, आणि त्या दिवसापासून मनोरमाबाईंच्या मागे ओळखाओळखीचं नवंच काम लागलं. नवऱ्याने पलंगावरून घशातल्या घशात काहीतरी म्हणायचं, डावा हात हवेत हलवायचा आणि बाईंनी ओळखायचं. पाणी? नाही. पंखा? नाही. पाठ खाजवू? तेही नाही. चार-पाच प्रश्नांनंतर आत्माराम डोळे मिटून घ्यायचे, म्हणजे जाऊ दे. मग बाईंच्या जिवाला दिवसभर चुटपुट. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या उठायच्या. डॉक्टर म्हणायचे, बुद्धी शाबूत आहे, त्यांना सगळं कळतं. हे ऐकून बरं वाटायचं सोडून बाई जास्तच दमायच्या. ज्याला काही कळत नाही त्याचं करणं एक वेळ सोपं असतं.

बाई मूळच्या परळच्या. आत्मारामना भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात काम लागलं, तेव्हा दोघं चाळीतली खोली सोडून इथे पूर्वेला राहायला आले. नातेवाइकांनी नाकं मुरडली. तिकडे मिठागरांत कोण राहतं, म्हणाले. तेच नातेवाईक पुढे इथेच फ्लॅट बघत फिरले, ती गोष्ट वेगळी. आत्माराम ताटं-वाट्या दाबायच्या प्रेसवर लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. बाईंनी घरात शिलाई मशीन ठेवून साड्यांना फॉल लावले, ब्लाउज शिवले, पराग नावाचा एकुलता एक मुलगा शिकवला. भाईंदरमध्ये बाईने कधी उठायचं हे पाणी ठरवतं. ते पहाटे यायचं, म्हणून बाई पहाटे उठायच्या, आणि दुपारी आडवं होणं त्यांना कधी जमलंच नाही. म्हातारपणी झोपू, असं त्या म्हणायच्या. म्हातारपण आलं ते पलंग अडवूनच, आणि पलंगावर नवरा होता.

पराग पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. गणपतीला आला तेव्हा त्याने घरातला जुना कॉम्प्युटर नव्या टीव्हीला जोडला आणि बॅगेतून एक कीबोर्ड काढला. तळहातापेक्षा जरासा मोठा, वायर नाही, बाजूला बोट फिरवायला एक काळा चौकोन. त्या चौकोनावर बोट सरकवलं की टीव्हीवरचा बाण सरकायचा.

"बाबा, टेबल नको, माऊस नको," पराग म्हणाला. "हे असं छातीवर ठेवायचं आणि अंगठ्याने दाबायचं. जे लिहाल ते टीव्हीवर मोठ्या अक्षरांत दिसेल. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहा, चालतंय."

आत्मारामनी डाव्या हाताचा अंगठा उचलला. बाई पदराशी चाळा करत पलंगाच्या कडेला उभ्या राहिल्या. खोटं कशाला बोला, त्यांना आशा होती. इतक्या दिवसांनी माणसाला वाचा फुटतेय, तर पहिला शब्द आपल्यासाठी असेल. निदान नाव तरी. अंगठा एकेक अक्षर शोधत फिरला आणि टीव्हीवर उमटलं, 'पंखा कमी कर'.

पराग खो खो हसला, बाईही हसल्या. मग त्या पंखा कमी करायला म्हणून गेल्या आणि तशाच स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या. ओळखाओळखी संपली होती. त्यांना त्या क्षणी खरंच सुटल्यासारखं वाटलं.

सुटका कसली, आगीतून फुफाट्यात. आतापर्यंत जे ओळखता यायचं नाही ते आपोआप माफ होतं. आता सगळं टीव्हीवर लख्ख दिसायला लागलं. पलंगाशी एक स्टीलची वाटी आणि चमचा ठेवलेला असायचा. आत्माराम लिहून झालं की वाटी वाजवायचे, आणि बाई पिठाचे हात घेऊन बाहेर येऊन वाचायच्या. 'भाजीत मीठ जास्त.' 'खिडकी लाव.' 'खिडकी उघड.' 'उशी नको ही.' 'परागला फोन कर.' 'परागने काय सांगितलं.' बिचाऱ्या माणसाचं किती दिवसांचं साठलेलं होतं, ते बाहेर पडणारच. बाईंना हे समजत होतं. पण समजलं म्हणून पाय दुखायचे थांबत नाहीत.

शेजारच्या चंपाबेन एकदा दारातून डोकावल्या. टीव्हीवर 'चहा गार आहे' असं लिहिलेलं त्यांनी अक्षर लावून वाचलं आणि कौतुकाने मान डोलावली.

"मनोरमाबेन, अब तो सारू थई गयू. भाई टीवी पे बोलते हैं. आपको कितना आराम."

"हां ना, बहोत आराम," बाई म्हणाल्या आणि चहा गरम करायला घेऊन गेल्या.

दसरा आला. शिर्क्यांच्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा कडक असायची, आणि ती कडक केली होती आत्मारामनीच. कारखान्यात त्या दिवशी प्रेस धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून बंद ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी नारळ फोडल्याशिवाय तिच्या बटणाला हात लावायचा नाही. तोच नियम त्यांनी घरात आणला. पराग शाळेत असताना एका दसऱ्याला एका बाईचं ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचं राहिलं होतं. मनोरमाबाई मशीनवर बसणार, तर आत्मारामनी अडवलं. पुजलेलं हत्यार आज विश्रांती घेतंय, म्हणाले, वर्षातला एक दिवस आहे त्याचा. आपला दिवस कोणता, हे विचारायचं बाईंच्या तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

यंदा त्यांनी सकाळी पाट मांडला. कात्री, विळी, आत्मारामांची जुनी पक्कड आणि पाना ओळीने ठेवले, शिलाई मशीनला माळ घातली. मग त्या पलंगापाशी आल्या, आत्मारामांच्या छातीवरचा कीबोर्ड त्यांनी उचलला आणि नेऊन पाटावर ठेवला. त्यालाही हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर झेंडूचं फूल ठेवलं.

आत्मारामनी डावा हात पुढे केला.

"आज नाही," बाई म्हणाल्या. "पुजलंय आता. तुमचाच नियम आहे. उद्या सकाळी देते."

 त्यांनी हात खाली घेतला. बाईंनी देवाला नमस्कार केला तेव्हा त्यांना आतून गुदगुल्या झाल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. भक्ती थोडी होती, नाही असं नाही. पण एक दिवस कोणी काही सांगणार नाही, याचा आनंद त्याहून मोठा होता.

आणि दिवस खरोखर निवांत गेला. चंपाबेननी फाफडा-जिलेबी आणून दिली. बाईंनी श्रीखंड-पुरी केली, आत्मारामना पुरी कुस्करून भरवली, तोंड पुसलं. वाटी वाजली नाही. भांडी घासून झाल्यावर करायला काही उरलं नाही, तेव्हा त्या पलंगाजवळच्या खुर्चीत बसल्या. नुसतं पाठ टेकायला. नवऱ्याचा चमचा त्यांनी त्याच्या हाताशी ठेवला, लागलं तर वाजवा म्हणाल्या, आणि पुढचं त्यांना काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा बाहेर दिव्यांची वेळ झाली होती. बाईंची मान आखडली होती. आधी त्यांना वास आला, मग दिसलं. चादर भिजली होती, खालची गादी भिजली होती, आणि आत्माराम जागे होते. चमचा त्यांच्या डाव्या हातातच होता.

"अहो, वाटी होती ना शेजारी? वाजवायला काय धाड भरली होती?"

आत्मारामनी मान दुसरीकडे वळवली. बाईंचं डोकं तडकलं. कीबोर्ड काढून घेतला त्याचा हा राग, असंच त्यांनी धरलं. त्यांनी नवऱ्याला कुशीवर वळवलं, चादर ओढली, कपडे बदलले, आणि तोंडाचा पट्टा एकसारखा चालू ठेवला. एक दिवस. अख्ख्या वर्षातला एक दिवस मागितला होता, तोही तुम्हाला बघवला नाही. मुद्दाम केलंत. मला काय कळत नाही? इतकी वर्षं तुमचंच तर करतेय. सोनं द्यायला आलेल्या शेजाऱ्यांनी बेल वाजवली तर बाईंनी दार उघडलं नाही, कारण घरात वास होता. त्या रात्री नवऱ्याला भरवून त्या जेवल्या आणि त्याच्याकडे पाठ करून झोपल्या.

सकाळी पाणी भरून झालं, बाईंनी देवापुढे नारळ फोडला आणि कीबोर्ड उचलला. त्याच्यावरचं हळदकुंकू ओल्या फडक्याने पुसलं. दोन बटणांच्या मधे अक्षतेचा एक दाणा अडकला होता, तो सुईने काढला. टीव्ही लावला आणि कीबोर्ड नवऱ्याच्या छातीवर जरा आपटूनच ठेवला.

"हं, बोला आता. काल का नाही वाजवलीत?"

आत्मारामनी अंगठा उचलला. अक्षरं नेहमीसारखीच सावकाश येत होती. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आता काहीतरी तक्रार येणार, आणि तिला काय उत्तर द्यायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

'तू घोरत होतीस.'

"मी घोरत नाही," बाई म्हणाल्या.

अंगठा थांबला नाही. 'तोंड उघडं होतं. इतकी गाढ कधी झोपलीस मला आठवत नाही. दोनदा चमचा उचलला. मग म्हटलं, झोपू दे.'

बाईंनी ते वाचलं. मग पहिल्यापासून परत वाचलं.  लघवी दाबून धरून हा माणूस केवढा वेळ पडला असेल, ओल्या चादरीत किती वेळ, आणि वर जागी झाल्यावर आपण काय काय बोललो, ते सगळं एकदम अंगावर आलं.

"मी काल तुम्हाला नाही नाही ते बोलले," त्या म्हणाल्या.

'ऐकलं,' आत्मारामनी लिहिलं.

"उठवायचं ना हो मला. मी काय..."

आत्मारामनी अंगठ्याच्या नखाने कीबोर्डच्या कडेचं छोटं बटण सरकवलं. त्यावरचा निळा दिवा विझला. कीबोर्ड त्यांनी छातीवरून ढकलून उशीपाशी सारला.

"चहा हवा असेल ना? लिहा की. आज चालतं."

त्यांनी कीबोर्ड घेतला नाही. डावा हात उचलून खुर्चीकडे बोट दाखवलं. गॅसवर दूध होतं, कालची चादर बादलीत भिजत होती. मनोरमाबाईंनी आत जाऊन गॅस बंद केला आणि येऊन खुर्चीत बसल्या.