तांबडीची तपासणी

अमरावतीत राजापेठेतल्या माझ्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती समोरच्या ट्यूशन क्लासच्या जिन्याकडे उघडते. सकाळी सहापासून बारावीची मुलं तिथे गाड्या लावतात, हॉर्न वाजवतात, पेपरातल्या एखाद्या प्रश्नावरून तावातावानं भांडतात. त्यातल्या निम्म्यांना माणसांचं डॉक्टर व्हायचं असतं. मलाही व्हायचं होतं. थोडक्यात हुकलं, म्हणून मी अकोल्याच्या पशुवैद्यकीय कॉलेजात गेले. हे मी आता आपणहूनच सांगून टाकते, कारण लोक ते खोदून काढतातच. ‘म्हणजे ढोरांची डॉक्टर?’ असं विचारताना त्यांच्या तोंडावर जे हसू येतं, त्याचा मला साडेपाच वर्षं राग आला. आता येत नाही असं लिहिणार होते, पण येतो.

कॉलेजात असताना ‘पुढे काय’ हा प्रश्न आम्ही सगळे मिळून चघळायचो, त्यामुळे तो कधी जड झाला नाही. हॉस्टेलच्या मेसमध्ये रोज कुणाची तरी नवी योजना असायची. मग डिग्री हातात पडली आणि महिनाभरात सगळे पांगले. एक जण कोंबड्यांच्या खाद्याच्या कंपनीत लागला आणि गाडीतून जिल्हे पालथे घालू लागला. एक बँकेत अधिकारी झाला, आता तो गाई कर्जाच्या कागदावरच बघतो. माझी रूममेट एम.व्ही.एस्सी.ला दुसऱ्या राज्यात गेली. एक कॅनडात तिथली परीक्षा देते आहे. आमचा ग्रुप अजून आहे, पण तो वाढदिवसालाच जागा होतो.

मी पशुधन विकास अधिकाऱ्याच्या परीक्षेची तयारी करायला अमरावतीला आले, त्याला आता तीन वर्षं होतील. दुपारपर्यंत अभ्यासिकेत बसायचं. तिथे बोलायला मनाई आहे. संध्याकाळी एका मोठ्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये कुत्र्यामांजरांना लसी टोचायच्या. कुत्र्यांचे मालक मला ‘मॅडम’ म्हणतात आणि कुत्र्याच्या वाढदिवसाच्या केकचे फोटो दाखवतात. असेही दिवस जातात की दिवसभरात मी मोठ्यानं बोललेलं एकमेव वाक्य ‘बस, बस, झालं हं बाळा’ हे असतं आणि ते एका लॅब्राडोरला उद्देशून असतं. हे मी आईला कधी सांगितलेलं नाही.

आई पातूरकडच्या आमच्या गावी असते. घराला लागून मावशीचं घर आहे. मावशी म्हणजे रक्ताच्या नात्याची नव्हे, आईची शेजारीण आणि मैत्रीण. नवरा जाऊन खूप वर्षं झाली, मुलगा पुण्याला कंपनीत आहे. गोठ्यात तिची तांबडी गाय आणि तांबडीची एक कालवड. तांबडीचा जन्म मी स्वतः पाहिला होता. मी तेव्हा नववी-दहावीत असेन. मावशीनं मला कंदील धरायला उभं केलं होतं आणि मी डोळे मिटून घेतले म्हणून शिव्या घातल्या होत्या. त्या दिवसामुळे मी या शिक्षणाकडे वळले असं सांगायला छान वाटलं असतं, पण मी मार्क कमी पडले म्हणून वळले.

मागच्या संक्रांतीला मी गावी गेले होते. परत निघायच्या दिवशी मावशी आली. तांबडी तीनदा उलटली होती, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नव्हती. चौथ्यांदा नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरवली, त्यानंतर ती माजावर आली नव्हती.

“पाहून दे नं बाई,” मावशी म्हणाली. “खाली असन तं इकून टाकतो. धार काढाले तसे बी माहे गुडघे चालत नाई, अन् वर्षभर नुसती बसवून कोन चारन तिले?”

गाय गाभण आहे का खाली, हे पाहायचं तर खांद्यापर्यंतचा मोजा घालून गुदद्वारातून हात आत घालायचा असतो आणि आतड्याच्या पडद्याआडून गर्भाशय चाचपायचं असतं. डोळ्यांना काही दिसत नाही. सगळं बोटांवर. अकोल्याला आमचे सर सांगायचे की गाय कुंथली की आतडं हवेनं फुगतं, तबल्यासारखं ताठ होतं आणि मग काहीच लागत नाही. अशा वेळी हात काढायचा नाही, हलवायचाही नाही. नुसतं थांबायचं. मिनिटभर, दोन मिनिटं, लागली तर पाच. आतडं सैल पडतं, मग बघायचं. माझा हात आखूड म्हणून मला सर विटेवर उभं करायचे आणि मी थांबायचे. तेव्हा माझा हात चांगला होता. वर्गात सांगण्याजोगा होता.

त्या दिवशी मावशीनं बादलीत कोमट पाणी आणलं, धुतलेला टॉवेल आणला आणि वासाचा नवा साबण कागदातून सोडवून दगडावर ठेवला. आमच्याकडे डॉक्टर गोठ्यात आला की घरातला वापरातला साबण देत नाहीत, नवा काढतात. माझ्यासाठी कुणी नवा साबण काढण्याची ती पहिलीच वेळ होती. मावशीनं शेपटी धरली. गोठ्यात आम्ही दोघीच होतो.

तांबडी कुंथली. आतडं ताठ झालं. फाट्यावर अकोल्याची एसटी यायला वीस मिनिटं होती, आई घरात माझी पिशवी भरत होती. अमरावतीला आल्यापासून मी एकाही गाईत हात घातला नव्हता. अभ्यासिकेत मात्र रोज शंभर प्रश्न सोडवत होते. चारातले दोन पर्याय खोडायचे, उरलेल्यातला एक ठोकायचा, हे आता अंगात भिनलं होतं. मी थांबले नाही. इकडेतिकडे चाचपलं, काही लागलं नाही, आणि हात बाहेर काढला.

“खाली आहे, मावशी,” मी म्हणाले. ‘सांगता येत नाही’ हे शब्द माझ्या तोंडातच आले नाहीत. इतकी वर्षं शिकून पहिल्याच तपासणीला ते कसे म्हणायचे?

मावशी जरा वेळ गाईच्या पोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं.” मी त्या साबणानं हात धुतले आणि एसटी गाठली. पुढच्या आठवड्यात तिनं तांबडी बाजारात विकली. नदीपलीकडच्या गावच्या एका माणसानं घेतली.

पोळ्याच्या आधी आईचा फोन आला. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “अवं, मावशीची तांबडी जनली तिकडे. कालवड झाली. मावशी साऱ्या गावाले सांगून राहिली का डॉक्टरीणबाईनं मले गाभणच सांगतली होती, म्याच आयकलं नाई, माहे गुडघेच चालत नव्हते म्हून इकली.” आईच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. “लोकं मले इचारून राहिले, तुमची पोरगी कवा येते म्हून.”

मी फोन ठेवला आणि बोटांवर मोजलं. नऊ महिने आणि वर थोडे दिवस. माझा हात आत होता तेव्हा ते वासरू सव्वादोन महिन्यांचं होतं. मी थांबले असते तर ते बोटांना लागलं असतं, यात मला तिळमात्र शंका नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी फार एकटी होते. त्याआधीही होतेच, पण तेव्हा लपवायला काही नव्हतं. मी ग्रुपवर सगळं लिहिलं, तीनदा वाचलं आणि पुसून टाकलं. त्याच दिवशी कुणाची तरी निवड झाली होती आणि खाली अभिनंदनांची रांग लागली होती, तिच्यात मीही एक फूल टाकलं. गावातून फोन येऊ लागले. कुणाची म्हैस चारा खाईना, कुणाचं वासरू लंगडत होतं. “तुमचा हात पक्का हाय म्हंते मावशी,” असं एक काका म्हणाले. मी त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात जायला सांगितलं आणि रात्रभर मला त्यांचं वाक्य ऐकू येत राहिलं. बँकेतल्या मित्रानं त्यांच्याकडच्या जाहिरातीची लिंक पाठवली होती. मी अर्ज भरायला घेतला. तिथे गाई कागदावर असतात, हे मला तेव्हा फार बरं वाटलं. अर्ज अर्ध्यावर ठेवून मी दिवाळीला गावी गेले.

पाडव्याच्या सकाळी फराळाचं ताट घेऊन मावशीकडे गेले. ती चुलीपुढे होती. भिंतीवर कॅलेंडर होतं, दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींचं असतं तसं. कसं कोण जाणे, मी पानं मागे उलटली. ऑगस्टच्या पानावर एका तारखेभोवती पेन्सिलीनं गोल केलेला होता. बाजूला काही लिहिलेलं नव्हतं. आईनं मला वासराचा दिवस सांगितला होता. गोलाच्या दुसऱ्याच दिवशी ते जन्मलं होतं.

कॅलेंडर या वर्षाचं, म्हणजे ते जानेवारीत लागलं होतं. गोल तेव्हाचा, कारण मी ‘खाली’ म्हटल्यावर तो करायचं कारणच उरलं नव्हतं. तपासणीच्या आधी तिनं स्वतः दिवस मोजून ठेवला होता.

“मावशी,” मी म्हणाले. पुढचं दोन महिने घोकलेलं होतं, तरी धड आलं नाही. “तांबडी गाभण होती. म्या तुले खाली सांगतलं. माहा हात चुकला. मले एसटी पकडाची घाई होती.”

ती वळली नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“मले माईत हाय.”

“मंग तू लोकाइले काहून तसं सांगून राहिली?”

“तं काय सांगू? आपल्याच पोरीचं नाव खराब करू?” मग ती वळली, आणि तिचा आवाज चढला. मला ते ऐकून उलट हायसं वाटलं. “माह्या मनात होतं का हे गाभणच हाय. तिची चाल सांगे. चाळीस वर्षं ढोरं पाहून राहिली मी. पन म्या म्हतलं, पोरगी इतकी शिकली, ते काय खोटं सांगन? माह्या डोळ्याइपेक्षा तुह्या हातावर भरोसा ठेवला म्या. घरातली गाय देऊन बसली.”

मी तिथेच पाटावर बसले आणि रडले. मावशीनं मला रडू दिलं. जवळ आली नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. चिवडा डब्यात ओतून घेतला, ताट धुतलं, पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

मला वाटलं आता उठावं. पण ती परसात गेली आणि बादली भरल्याचा आवाज आला. बाहेर जाऊन पाहते तर तांबडीची ती जुनी कालवड, आता चांगली थोराड झालेली, दाव्याला उभी होती. शिंगांना गेरू लावलेला, गळ्यात झेंडूची माळ. खाली कोमट पाण्याची बादली, टॉवेल. दगडावर कागदातला साबण.

“गणपतीत भरवली हिले,” मावशी म्हणाली. “पाह्य.”

“मी नको. तालुक्याच्या डॉक्टरले बोलाव.”

“पाह्य म्हतलं नं.” तिनं शेपटी धरली.

घरी माझ्या बॅगेत मोजे होतेच, अमरावतीत नुसती कुत्री-मांजरं बघतानाही उगाच सोबत बाळगलेले; जाऊन एक घेऊन आले. परसातली एक वीट ओढून मी तिच्यावर उभी राहिले. हात आत घातला. कालवड कुंथली, आतडं ताठ झालं. मी थांबले. हात हलवला नाही. झेंडूच्या माळेतली फुलं ती मान वळवून खायला बघत होती आणि मावशी तिला ‘हुं, हुं’ करत होती. किती वेळ गेला कोण जाणे. खांदा भरून आला. मग आतडं हळूहळू सैल पडलं आणि गर्भाशय बोटांखाली आलं. एक बाजू किंचित भरीव वाटली. पुन्हा चाचपलं तर दोन्ही सारख्याच वाटल्या. दीड महिना. माझ्या बोटांना तरी ते कळत नव्हतं.

मी हात बाहेर काढला. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

“मले सांगता येत नाई, मावशी,” मी म्हणाले. “हो बी म्हणता येत नाई अन् नाई बी. महिन्यानं येतो अन् पुन्हा पाहतो.”

तिनं शेपटी सोडली. मी मोजा उतरवला आणि कागदातल्या साबणाकडे बघत नुसत्या पाण्यानं हात धुतले, तो फोडायचा धीर झाला नाही. मावशीनं तो उचलला, पदरानं त्याच्या कागदावरचं पाणी टिपलं आणि गोठ्याच्या कोनाड्यात नीट ठेवला.

“एवढंच तवा म्हणाली असती तं,” ती म्हणाली. मग टॉवेल माझ्या हातात दिला. “राहू दे साबन इथंच. महिन्यानं लागन.”