शनिवार-रविवारचे दोन कप्पे

आबांना अग्नी दिला त्या दिवशी तुम्ही दोघं मोबाईलच्या पडद्यावर होतात. थोरली मला म्हणाली, "आजी, तू त्यांचं किती नीट केलंस." मागून तुमचे बाबा म्हणाले, "तिनं केलं गं, पण आबाच औषधांच्या बाबतीत बेफिकीर." अंगणात माणसं होती, मी गप्प राहिले. त्यानंतर हेच वाक्य मी तुमच्या बाबांकडून आणखी दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा गप्पच राहिले. म्हणून हे लिहिते आहे.

आबांचं दुखणं सुरू झालं ते पाऊस लागायच्या आधी. बांधावरून घरी आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "छातीत कोंबडी फडफडतीया." मी मनगट धरलं. नाडी जलद होतीच, पण तिला काही ताळमेळही नव्हता. दोन ठोके, मध्येच खंड, मग एकदम चार. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं भोरला गेलो.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. एक रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, दुसरी ठोक्यांचा वेग आवरायला. दुसरीचं नाव डिगॉक्सिन, आकारानं मुगाच्या डाळीएवढी. मी खाली मेडिकलच्या रांगेत उभी राहिले, आणि डॉक्टरांनी ती गोळी समजावून सांगितली ती आबांना. परतीच्या एसटीत ते म्हणाले, "बाई, ह्या बारक्या गोळीला शनवार-ऐतवार सुट्टी हाय म्हनं. तुमच्या साळंसारकी."

मी भोरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून ते मला चिडवायला 'बाई' म्हणत.

"अहो, हृदयाला कसली आलीय सुट्टी?" मी म्हटलं.

"डाक्टर म्हनला. आता तो शिकलेला का तुमी?"

चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'आठवड्यातून पाच दिवस' असं लिहिलेलं होतं. ते मला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. मी ते वाचलं होतं. पण घरी येऊन मी मोबाईलवर इंग्रजीत वाचत बसले, आणि एकही दिवस गोळी चुकवू नका, धोका आहे, असं एका ठिकाणी ठळक लिहिलेलं सापडलं. ते पहिल्या गोळीबद्दल होतं. मी तो नियम दोन्हींना लावला. तालुक्याचे डॉक्टर जुन्या सवयीनं सुट्टी देत असतील, असं मला वाटलं. पुण्याहून सात कप्प्यांची डबी मागवली आणि सातही कप्प्यांत दोन्ही गोळ्या भरल्या.

शनिवारी सकाळी आबांनी कप्प्यात बोट घालून विचारलं, "ही आज बी?"

"आज बी," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं. ते हसले आणि गोळी गिळली. पुन्हा कधी विचारलं नाही.

वहीत मी रोज नाडी लिहीत असे. सुरुवातीला एकशे तीस, मग शंभर, मग ऐंशी. छातीतली फडफड थांबली, आबा पुन्हा बांधावर जाऊ लागले, लावणी उरकली. गोळी गुणाची होती, हे मला आजही नाकारता येत नाही. डॉक्टरांनी महिन्याभरानं रक्त तपासायला बोलावलं होतं. आकडे इतके चांगले येत होते की मी ते लावणीनंतर, मग गौरी-गणपतीनंतर, असं पुढं ढकललं.

भाद्रपदात त्यांची जेवणावरची वासना उडाली. भाकरी पाहिली की मळमळायचं. मी साधा दही-भात दिला, तर म्हणाले, "भातात हळद कशाला घातलीस?" भात पांढराशुभ्र होता. मला मोतीबिंदूची शंका आली. वहीत त्या आठवड्याची नाडी अट्ठावन्न, चोपन्न, एकोणपन्नास अशी उतरत गेली आहे. मी प्रत्येक आकड्यापुढं बरोबरची खूण केली आहे. तांबड्या शाईनं, वह्या तपासताना करायचे तशी.

मग एके सकाळी आम्ही खाचरावर उभे होतो. गुंजवणे धरणाच्या बाजूनं ढग उतरत होते. आबा म्हणाले, "भात पिवळं झालं की गं. कापणीला इळं काढायला पायजेत."

पलीकडच्या बांधावर माझी धाकटी जाऊ गवत कापत होती. ती हसायला लागली. "भावजी, लई घाई झालीया तुमाला! आजून पोटरीत बी न्हाई आलं. हिरवंगार हाय."

"मस्करी करू नगं. पिवळं दिसतंय मला," आबा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी भीती पाहिली नव्हती. पुढचं पाऊल टाकायच्या आत ते खाली बसले आणि चिखलात आडवे झाले.

पुतण्याच्या टेम्पोतून भोर, तिथून ॲम्ब्युलन्सनं पुणे. नाडी चौतीस होती. तुमचे बाबाही तिथं पोचले. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "ह्या गोळीत उपयोगाची मात्रा आणि बाधायची मात्रा यांच्यात फार थोडं अंतर असतं. वयानं किडनी थकली की ती अंगात साठत जाते. मग मळमळतं, सगळं पिवळं दिसतं, नाडी मंदावते. म्हणून तर दोन दिवस सुट्टी दिली होती. रोज कोण देत होतं?"

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी आबा बोलले. "म्याच घेत हुतो. इसरलो सुट्टीचं."

तुमचे बाबा चिडले. "आबा, एवढं साधं लक्षात राहत नाही तुमच्या?" आबा खाली बघत राहिले आणि चादरीखालून त्यांनी माझा हात दाबला.

ती गोळी बंद झाली, नाडी हळूहळू वर आली. पुढं तिच्याऐवजी वेगळी गोळी मिळाली, आणि मी ती चिठ्ठीबरहुकूमच दिली. पण आबा एकटे बांधावर गेले नाहीत. भात खरोखर पिवळं झालं तेव्हा ते ओसरीवरून बघत होते. फाल्गुनात मेंदूत गुठळी अडकून ते गेले. त्या जुन्या गोळीचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच म्हणाले. तरी मी तिसऱ्यांदा विचारणार होते.

आबा घरी परतल्यावर मी त्यांना म्हटलं होतं, "खरं सांगून टाकते मुलाला." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. मला अडाण्याला कोन काय म्हननार? तुमाला म्हनतील." मला ते सोयीचं वाटलं, आणि मी राहू दिलं.

आबा बेफिकीर नव्हते. त्यांना सुट्टी पक्की लक्षात होती. ते माझ्या शब्दावर गोळी घेत होते.

आज सकाळी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढले, तांबड्या खुणांसकट, आणि चिठ्ठीचाही. तुम्हाला पाठवण्याआधी ते तुमच्या बाबांना पाठवले आहेत, खाली दोन ओळी लिहून. त्यांनी ते पाहिल्याच्या निळ्या खुणा मघाशीच उमटल्या. अजून फोन आलेला नाही.