डांगरवाडीचा डोंगा

"बाबाचा डोंगा मोडून राहिलो. तुले पाहाचा असंन तं येऊन जा," दादाचा फोन आला आणि मी दुसऱ्या दिवशी साकोलीहून बसने माहेरी गेले.

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर, भंडाऱ्याच्या खाली. वडील गेल्यापासून त्यांचा लाकडी डोंगा काठावर पालथा पडला होता. दादा आता पत्र्याच्या हलक्या डोंग्यातून मासे धरतो. जुन्याला उचलायला चार माणसं लागतात.

"दुरुस्त नाही का होणार?" मी विचारलं.

दादाने वाद घातला नाही. शेजारच्या गावच्या सुताराला बोलावून आणलं. सुताराने पटाशी घेऊन फळी फळी टोचून पाहिली. बाजूला पटाशी अडत होती, बुडाला मात्र पावात शिरावी तशी शिरत होती.

"बाजू सागाची हाय, मजबूत हाय. बूड गेलं. नवं टाकलं तं चालते अजून," तो म्हणाला. "पण चालवन कोण?"

दादा माझ्याकडे पाहू लागला. मी नदीकडे.

लहानपणी उन्हाळ्यात नदी आटली की मधली रेती उघडी पडायची. आम्ही तिथं डांगरवाडी लावायचो. रेतीत चर खणून शेणखत भरायचं आणि त्यात डांगर म्हणजे खरबूज, टरबूज, काकडीचं बी टोचायचं. जाताना या डोंग्यात खत असे, येताना फळं. फळं धरली की कोल्हे खाऊ नयेत म्हणून सगळं घर रेतीवरच झोपडी बांधून राहायला जाई. तहान लागली की हाताने रेतीत झिरा उकरायचा, गढूळ पाणी निवळेपर्यंत थांबायचं आणि ओंजळीने प्यायचं. तसं गार पाणी पुन्हा कुठं मिळालं नाही. पिकलेल्या डांगरांचा वास डोंग्याला इतका लागायचा की पावसाळ्यात वडील त्यात मासे घेऊन आले, तरी मला तो वास यायचा.

पुढं खाली धरण झालं. पाणी मागं चढत आलं ते उतरलंच नाही. आता भर उन्हाळ्यातही नदी या काठापासून त्या काठापर्यंत भरलेली असते. रेती कुठंच नाही.

आई इतका वेळ काठालगतच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून ऐकत होती. ती उठून आली आणि दादाला म्हणाली, "मोडाचा तं मोड. पण एक डाव मले त्यात बसव."

"बुडंन ना मा!"

"मले पोवता येते. तुलेच शिकवलं मी."

सुतार हसला. त्याने फटींत चिंध्या कोंबल्या, वरून गरम डांबर ओतलं. "काठाकाठानं जा, भरोसा नाही," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांनी डोंगा पाण्यात लोटून दिला आणि आम्ही तिघं त्यात बसून निघालो. दादा डोंगा काठाकाठाने नेत होता, आईने हाताने मध्याकडे खूण केली. बुडातून पाणी झिरपत होतं, मी डब्याने उपसत होते. मधोमध आल्यावर आई म्हणाली, "थांब."

दादाने बांबू खाली घातला. बांबू पूर्ण पाण्यात गेला तरी तळ लागेना.

"इथंच होती आपली झोपडी," आई म्हणाली. तिने वाकून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. पाणी माझ्या घोट्यांपर्यंत आलं तेव्हा दादा म्हणाला, "चाल मा," आणि डोंगा वळवला.

काठावर आल्यावर तो मला म्हणाला, "तू म्हणशीन तं बूड टाकू नवं."

मला हो म्हणायचं होतं. नदीत रेती असती, तर मी लगेच म्हटलं असतं. आई लुगड्याचा पदर पिळत उभी होती. ती काहीच सांगणार नाही, हे मला कळलं.

"मोड," मी म्हणाले. "पण मी गेल्यावर."

दुपारी आई मला बसपर्यंत सोडायला आली. बस दिसली तशी तिने माझा हात धरला. "उन्हाळ्यात येजो व बाई. लेकरांले घेऊन ये, राहाले."

उन्हाळ्यात इथं येऊन आता करायचं काय, असं ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "येईन मा."