सासऱ्यांच्या बिडीचं वरचं पान

लग्नाला बारा वर्षं झाली, पण माझ्या सासऱ्यांनी माझी एकदाही तारीफ केलेली नव्हती.

मी वाशीमच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. अनसिंगच्या सासुरवाडीत या गोष्टीची किंमत शून्य! त्यात त्या दिवाळीला माझे साडू परदेशातून चक्क चिरूट घेऊन आले. सासऱ्यांनी झुरका मारला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! मोठे जवाई म्हंजे मोठेच जवाई!"

"मामाजी, सारी चव वरच्या पानाची असते," साडू म्हणाले. "काळपट पान गोडसर लागते, फिकं पान हलकं."

साडू गेले, चिरूटही संपला. ते वरचं पान मात्र माझ्या डोक्यातून जाईना. तंबाखू तोच ठेवून नुसतं पान बदललं, तर सासऱ्यांची साधी बिडीही चिरुटाच्या तोडीची का होऊ नये? त्यांच्या तोंडून एक 'वा!' काढल्याशिवाय वाशीमला परतायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं. (मी स्वतः बिडी ओढत नाही. पण प्रयोगाला अनुभव कशाला हवा?)

सासऱ्यांच्याच बंडलातल्या बिड्या सोडवून मी तंबाखू काढला. पहिला प्रयोग पळसाच्या पानाचा. काडी लावताच बिडी अशी भडकली की मिशीचं डावं टोक गेलं!

"अवो, बाबाची मिशी हाय ते! वावराचा धुरा पेटवून राह्यले का?" बायको ओरडली.

दुसऱ्या दिवशी मी शेतातून हळदीचं पान आणून तव्यावर शेकवलं. सासऱ्यांनी एक झुरका मारला आणि बिडी नाकाशी धरून हुंगली.

"जवाईबापू, मले बिडी देऊन राह्यले का हळद लावून राह्यले?"

मी हटलो नाही. काही ठिकाणी बिडीला आपट्याचं पान वापरतात, हे मला तिसऱ्या दिवशी आठवलं. आणि शोधायला लांब जावंच लागलं नाही. देव्हाऱ्यात, तांब्याच्या ताटलीत, सुकलेली सपाट आपट्याची पानं तयारच होती! दसरा होऊन वीस दिवस झालेले. देवाला आता त्यांचा काय उपयोग? मी सुबक बिडी वळली, दोरा बांधला आणि सासऱ्यांच्या हातात ठेवली.

एक झुरका. दुसरा झुरका. सासऱ्यांचे डोळे मिटले.

"वा! देवाशपथ सांगतो, असी बिडी जिंदगीत ओढली नाई! चिरूट काय चीज हाय याच्यापुढं! कोन्तं पान हाय?"

बारा वर्षांनी कान तृप्त झाले. मला अक्षरशः रडू येत होतं. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला.

"अवं माय! देवापुढचं सोनं कोनं नेलं?"

दसऱ्याला घरात येणारं पहिलं सोनं, म्हणजे हीच आपट्याची पानं, सासूबाई वर्षभर देवापुढे ठेवतात. हे बायकोने मला निदान दहा वेळा सांगितलं होतं!

सासऱ्यांनी बिडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. धूर सोडावा तर पुरावा, म्हणून त्यांनी तो गिळला. सासूबाई दारात आल्या आणि नेमका तेव्हाच सासऱ्यांना ठसका लागला. नाकातून, तोंडातून सोनं बाहेर पडू लागलं!

"कायचा धूर हाय हा?"

सासऱ्यांनी क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे बोट केलं.

"यायनं बनवली! मी तं नुस्ती ओढली!"

माझी एकुलती एक शाबासकी अशी देवापुढून उचललेली निघाली. आता मी अनसिंगला पोचलो की सासूबाई आधी देव्हाऱ्याला कुलूप लावतात, आणि मगच जावयाला पाणी देतात!