चौलची बाटली

सांगायची लाज वाटते, आणि सांगितल्यावाचून राहवतही नाही! आधी चहा संपवा, कारण या गोष्टीत लघवी आहे. संपवलात? मग ऐका.

लोकांच्या नावानं रस्ते होतात, धर्मशाळा होतात. माझ्या नावानं अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात बाटल्या उकळतात! हे कसं झालं, तेच सांगतो.

तेव्हा मी चौलच्या शाळेत मास्तर होतो. घरची लहानशी नारळ-सुपारीची वाडी. गावात टिपणीस डॉक्टर नवे आले होते. मुंबईला शिकलेले, चष्मेवाले, आणि वाचनाचं जबर वेड. रेवसला बोट लागली की डॉक्टरीची मासिकं येत. ती हातात पडली की डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवरच बसून वाचत, आणि रोगी आपापली पोटं धरून वाट बघत.

पण माणूस मोठा गमतीचा! त्यांच्या प्रत्येक रिवाजामागे एकेक रोगी उभा असायचा. चोळायच्या औषधाच्या बाटलीच्या गळ्यात ते सुतळी बांधत. का? तर धर्मा कोळ्यानं कंबरेला चोळायचं औषध पोटात घेतलं आणि पोटात घ्यायचं कंबरेला चोळलं. वाचला बिचारा. दुसऱ्या दिवसापासून सुतळी आली. अंधारातही, अक्षर न येणाऱ्यालाही, नुसत्या हाताला कळावं म्हणून.

गावानं तिचं नाव ठेवलं 'धर्माची सुतळी'. आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं कोण हसत होतं, सांगा बघू? हा तुमचा मास्तर! पण हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात, ते काही उगीच नाही.

झालं असं, की रेवदंड्याच्या किनाऱ्यावर खडकावरून चालताना कालवाच्या शिंपेनं माझा पाय कापला. जखम भरता भरेना. डॉक्टरांनी पाय पाहिला, आणि एकदम भलतंच विचारलं, "मास्तर, वडील कशानं गेले?"

"मधुमेहानं."

वडील गेले तेव्हा मी शाळकरी होतो. कळशीभर पाणी पीत, तरी तहान भागत नसे. डोळ्यांदेखत माणूस काटकुळा होत गेला, आणि आम्ही नुसते बघत बसलो. त्या काळी दुसरं काही हातातच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "मग परीक्षा करू. उद्या सकाळची पहिली लघवी आणा." आणि एक तपकिरी काचेची बाटली हातात दिली. "आधी स्वच्छ धुऊन घ्या."

धुतली. दगडावर टाच घासतात तशी घासून धुतली! पहाटे अर्ध्या झोपेत भरली, बूच लावलं आणि नेऊन दिली.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळंशार औषध घेतलं, त्यात माझे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि पिवळ्याचं थेट विटकरी!

कंपाउंडर गणू मागून बघत होता. "आयला! मास्तर, ह्ये काय हाय?"

"साखर," डॉक्टर हळूच म्हणाले.

भात बंद. गूळ-साखर बंद. बटाटा बंद. अहो, कोकणातल्या माणसाचा भात बंद म्हणजे राहिलं काय? त्यात गणपती तोंडावर! आमच्या हिनं मोदक केले, माझ्यासमोर गणपतीला दाखवले, आणि माझ्या पानात दोडक्याची भाजी वाढून पदर डोळ्यांना लावला.

मग गाव लोटलं. कुणी वाटीत कारल्याचा रस आणला, कुणी जांभळाच्या बियांची पूड, कुणी कडुनिंब वाटून आणला. मी ते सगळं गिळलं. आणि आमची ही? प्रत्येकाची वाटी घासून, तीत गुळाचा खडा ठेवून परत करत होती. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. नवरा मरायला टेकला म्हणून काय रीत सोडायची?

शेजारच्या बाबू नाईकाशी माझं वाडीच्या कडेच्या एका माडावरून सात जन्मांचं वैर होतं. मी त्याला बोलावलं आणि म्हटलं, "बाबू, माड तुझा. माझं आता काय राहिलंय?" बाबू ओक्साबोक्शी रडला. रडता रडता दोन साक्षीदारही बोलावून घेतले लबाडानं!

थोड्या दिवसांनी दुसरी परीक्षा. पुन्हा तीच बाटली घरी आली, पुन्हा धुतली, पुन्हा भरली. निघताना बघतो तर बुचाभोवती मुंग्या! मुंग्यांना तर काही डॉक्टरांनी शिकवून पाठवलं नव्हतं ना?

आणि निळं पाणी या खेपेला पहिल्यापेक्षाही लाल झालं.

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. मग म्हणाले, "मास्तर, मुंबईला आता इन्शुलिन मिळतं. तुमच्या वडिलांच्या वेळी नव्हतं, आता आहे. रोज टोचून घ्यावं लागेल, पण माणूस जगतो. मी स्वतः तुमच्याबरोबर येतो. टोचायचं कसं ते वहिनींना मीच शिकवीन."

दवाखाना बंद ठेवून! माझ्यासारख्या एका मास्तरासाठी! आजही ते आठवलं की भरून येतं.

मी दाराशी पोचलो, तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली. "थांबा. तहान फार लागते?"

"नाही."

"रात्री उठावं लागतं?"

"छे! आडवा झालो की सकाळच."

"जखम?"

मी पाय पुढे केला. जखम भरून आली होती. मरणाच्या धास्तीत माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं!

डॉक्टर चष्मा काढून पुसू लागले. "बाटली एक सांगतेय आणि माणूस दुसरं सांगतोय. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय. आज शाळा सुटली की मी तुमच्याकडे येतो. ही बाटली घरी तुम्ही कशी तयार करता, ते मला बघायचंय."

दुसरा कुणी असता तर? नळी लाल झाली, निदान झालं, जा मुंबईला! पण हा भला माणूस सायकल मारत आमच्या ओटीवर हजर झाला. आमच्या हिनं लगबगीनं चहा ठेवला.

"चहा नंतर, वहिनी. मास्तर, मी इथं नाहीच असं समजा. दोन्ही वेळा केलंत तसं करा."

मी विहिरीवर गेलो. राखेनं बाटली घासली, तीन पाण्यांनी धुतली, उपडी केली, पंच्यानं पुसली. डॉक्टर मागे मागे, हात पाठीशी बांधून, अगदी शाळातपासनीस! मी घरात आलो, माजघरातून बाहेर निघालो, आणि एवढ्यात...

टक्!

"हे काय टाकलंत?" डॉक्टरांनी माझं मनगटच धरलं.

"कुठं काय? काही नाही!" मी छातीठोकपणे म्हटलं.

डॉक्टरांनी बाटली तळहातावर उपडी केली. गुळाचा खडा! मी बघतो तर गुळाच्या डब्याचं झाकण उघडं, आणि माझी बोटं चिकट. देवाशपथ सांगतो, हात केव्हा डब्यात गेला ते मला कळलंही नव्हतं!

"अहो डॉक्टर, बाटली तुमची," मी चाचरत म्हणालो. "तुमच्याकडे परत यायची. रिकामी कशी द्यायची?"

"पण ती रिकामी कुठं येणार होती, मास्तर?"

तेव्हा कुठं उलगडलं! संध्याकाळी रीत म्हणून खडा टाकत होतो आणि पहाटे झोपेत वरून भरत होतो. आणि दुसऱ्या खेपेला जास्त लाल का? तर डॉक्टरांविषयी आदर वाढला होता, म्हणून खडाही मोठा पडला होता!

आमची ही पदर तोंडात धरून उभी होती. मला वाटलं रडतेय. हसत होती हो! मग म्हणाली, "तरी मी म्हणत होते, गूळ संपतो कसा! पण डॉक्टर, यांनी गुळाऐवजी साखर टाकली असती तर?"

"तर पाणी निळंच राहिलं असतं, वहिनी. आपली चहातली साखर या परीक्षेत सापडत नाही. गुळात दुसऱ्या जातीचीही साखर असते, ती सापडते."

"म्हणजे साखर टाकली तर साखर नाही, आणि गूळ टाकला तर साखर आहे? आणि याला शास्त्र म्हणायचं!"

डॉक्टर खो खो हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बाटली उकळली, दवाखान्यातच मला आडोशाला पाठवलं आणि नळी दिव्यावर धरली. मी डोळे गच्च मिटले.

"बघा," ते म्हणाले.

निळं! वरपासून खालपर्यंत निळं! समुद्र मी रोज बघतो, पण इतकं सुंदर निळं पुन्हा कधी पाहिलं नाही. आणि खरं सांगू? माझ्यापेक्षा डॉक्टरांनाच जास्त आनंद झाला. रागाचा एक शब्द नाही. उलट म्हणाले, "चूक माझी. बाटली धुवा म्हणालो, पण धुतल्यावर तीत काही घालू नका असं कुठं म्हणालो?" त्या दिवसापासून बाटली दवाखान्यात उकळायची, तिथंच भरायची, आणि एका नळीवर विश्वास ठेवून कुणाला घाबरवायचं नाही, हा नियम झाला.

मग मला विचारलं, "अलिबागला आम्ही चार डॉक्टर जमतो. तिथं ही गोष्ट सांगू का? दुसऱ्या कुणाचा जीव उगीच टांगणीला लागायला नको."

मी छाती फुगवली. "सांगा की! नावानिशी सांगा!"

"नाव सांगत नाहीत, मास्तर. गाव सांगतो."

घात तिथंच झाला!

वर्ष उलटलं असेल. हिच्या गुडघ्यासाठी अलिबागच्या एका दवाखान्यातून औषध आणलं होतं, त्याची बाटली परत द्यायला आम्ही दोघं गेलो. तिथल्या कंपाउंडरनं बाटली हातात घ्यायच्या आधी विचारलं, "गाव कंचं?"

"का हो?"

"तसा नियम हाय. बाकी गावची बाटली एकदा उकळायची, चौलची दोनदा."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मी रेवदंड्याचा," मी ठोकून दिलं.

"मंग ठीक. चौलला एक मास्तर हाय म्हनं. लगवीच्या बाटलीत पावशेर गूळ घालून डाक्टरला आहेर करायचा!"

"पावशेर?" मी पोट धरून हसलो. "अहो, काहीतरीच! शिकलेला माणूस इतका बावळट असेल होय?"

"तेच तर! माजाबी इस्वास बसत न्हाय."

सुटलो म्हणायचं! मी ऐटीत बाटली पुढे केली. तेवढ्यात मागून आमच्या हिनं माझी बाही ओढली, पिशवीतून कागदाची पुडी काढली, आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, रिकामीच काय देताय? हा गूळ टाका आधी!"

कंपाउंडर ताडकन उभा राहिला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "या मास्तर, बसा!"