माझगावच्या ताईंनी टायर विकले नाहीत

मंडळी, आज एका दुकानदार बाईंनी हातातलं गिऱ्हाईक परत पाठवलं. ते गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच.

शनिवारी आई-बाबांना घेऊन मालवणला निघायचं होतं. गाडीमागे जोडायची छोटी कॅराव्हॅन आम्ही सेकंडहँड घेतलीय. तिच्या टायरना भेगा पडल्यात, म्हणून माझगावला नवे घ्यायला गेलो.

नवऱ्याने कारचे टायर दाखवले. "साइज तीच आहे, चालतील ना?"

"साइज तीच, पण एवढं वजन नाही पेलणार," ताई म्हणाल्या. "आत पलंग, पाण्याची टाकी, सगळं असणार ना?"

मजबूत टायरची एक जोडी त्यांच्याकडेच निघाली. त्यांनी चष्मा लावून टायरवर छापलेले चार आकडे वाचले. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर सात वर्षांपूर्वीचे होते.

"पडून पडूनही रबर म्हातारं होतं. हे मी नाही देणार. नवा माल मंगळवारी येईल."

"अहो, आम्ही शनिवारी निघतोय," मी म्हटलं.

"मग बुधवारी निघा. आई-बाबा आहेत ना सोबत?"

घरी सांगितल्यावर बाबा आधी हिरमुसले. मग म्हणाले, "त्या बाईंना माझा नमस्कार सांग."

तुम्हाला असं परत पाठवणारं कुणी भेटलंय का?