नेऱ्याच्या माळावरचा धूर

आमच्या ग्रामदेवीने मला चक्क नाही म्हटलं होतं. नव्वदच्या सुमारास मी मुंबईच्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकत होते आणि पनवेलच्या घरी त्यावरून रोज कटकट चाले. शेवटी आईने कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. आईला हायसं वाटलं. मी देवीवर इतकी चिडले की नमस्कारही न करता निघाले, आणि त्याच आठवड्यात एकटीने विमान घेऊन पनवेलकडे आले.

नेऱ्याच्या डोंगराजवळ इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. इंजिन बंद पडलं तरी विमान एकदम कोसळत नाही, तरंगत खाली येतं. पण उतरायचं ते वाऱ्याला तोंड देऊन, नाहीतर ते थांबता थांबत नाही. वारा कुठला, ते वरून कळेना. समोर एक माळ होता आणि माळाच्या पलीकडच्या टोकाला ओढा. "नाही म्हणालीस ना, मग आता बघत बस," असं मी देवीला मोठ्याने सुनावलं. रडू येत होतं, पण हार मानायला मी तयार नव्हते. तेवढ्यात खाली राबाचा धूर उठला. पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात, तो. धूर सरळ ओढ्याकडे वाहू लागला. म्हणजे वारा माझ्या पाठीमागून होता आणि मी थेट ओढ्यात जाणार होते. वळसा घेतला, ओढ्याच्या बाजूने आत आले आणि उतरले. पुढचं चाक मोडलं, मी धडधाकट राहिले.

राब जाळणारी बाई धावत आली. "बाय, लागलं नाय ना?" तुमच्या धुराने वाचवलं, असं मी सांगताच ती म्हणाली, "घरधनी नको बोलत होता, वारा हाय म्हनून. मी आयकते काय? पेटवलाच."

घरी आई म्हणाली, "देवीने आधीच सांगितलं होतं. आता तरी पुरे कर."

"मग धूर कोणी उठवला?" मी विचारलं. खरं सांगायचं तर तो प्रश्न मलाही पडला होता. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असा माझा समज होता. त्या दिवशी माझे हात सुकाणूवर घट्ट होते आणि तरीही मी सगळी देवीच्या हवाली होते.

विमान दुरुस्त झालं तेव्हा आईला घेऊन देवीची ओटी भरायला गेले. डोळे भरून आले. गुरवाने सवयीने पाकळ्या भिजवायला घेतल्या.

"नको," मी म्हटलं. "विचारायला नाही आले. सांगायला आलेय. उद्या परत उडणार आहे."

आई देवीपुढे वाकली. मग देवीच्या पायाचं कुंकू माझ्या कपाळाला लावत म्हणाली, "वारा बघून उतर."